पानं लाल व्हायची वाट पाहू नका: ब्रिटनच्या शरदातली पहिली पायपीट

सप्टेंबर हा आपल्याकडच्या मुलांचा ब्रिटनमध्ये उतरायचा महिना. दोन जड बॅगा, त्यात कुकर, गोडा मसाला आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेली लोणच्याची बरणी. पहिले तीन-चार आठवडे खोली, बँक आणि सिमकार्ड यातच जातात. मग ओळखीचं कोणीतरी सांगतं, "इथला ऑटम बघायचाय ना? थांब जरा, ऑक्टोबरच्या शेवटी झाडं लाल होतात, तेव्हा जाऊ." ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, पाचच्या आत अंधारून येतं, असाइनमेंट डोक्यावर येतात आणि जाणं राहून जातं ते राहूनच जातं.

मी साताऱ्याची. मँचेस्टरला येऊन मला बारा वर्षं झाली. दर सप्टेंबरात नव्याने आलेल्या कोणाला तरी घेऊन मी डोंगरात जाते, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: पानांसाठी थांबू नका. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा इथे चालायचा सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्याची गर्दी सरलेली असते, जमीन अजून पुरती चिखल झालेली नसते. झाडं बहुतेक हिरवीच, पण कुंपणाच्या झुडपांना लाल-काळी फळं लगडलेली. सकाळी निघालात तर त्या झुडपांवर दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी दिसतात, एकेका फांदीवर चार-चार. तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात आणि एक दिवस सगळ्या नाहीशा होतात. इथल्या माळभिंगऱ्या हिवाळ्याला पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात.

आधी एवढं मनात पक्कं करा: ती वाट तुमची आहे

आपल्या माणसांना चालायचा कंटाळा नसतो. राजगड-तोरणा एका दमात केलेली मुलं इथे येऊन गावाबाहेरच्या एका फाटकापाशी थबकतात. पलीकडे कोणाचं तरी शेत, मेंढ्या चरतायत. आपण परके, कोणी हटकलं तर?

माझंही असंच झालं होतं. पहिल्याच सप्टेंबरात आम्ही दोघं नकाशा घेऊन निघालो. पिवळ्या बाणाची पाटी एका शेताकडे बोट दाखवत होती, आणि ते शेत नुकतंच नांगरलेलं, मऊ तपकिरी सऱ्या, वाटेचा मागमूस नाही. "कोणाच्या नांगरटीतून कसं जायचं?" असं म्हणून हे मागे फिरले, त्यांच्यामागे मी. फुटपाथ नसलेल्या अरुंद रस्त्याने, अंगावर येणाऱ्या गाड्या चुकवत दोन मैल चाललो आणि ठरलेली रेल्वेगाडी डोळ्यांदेखत गेली. नंतर शेजारच्या आजींना हे सांगितलं, तर त्या कळवळून म्हणाल्या, "अगं, तो रस्ता तुमचाच होता!"

खरंच होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,२५,००० किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक पायवाटा कायद्याने नोंदलेल्या आहेत. जमीन कोणाचीही असो, त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा. तुमचा व्हिसा कोणता, तुम्ही किती दिवसांपूर्वी आलात, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही येऊ शकतील अशी. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरली, तर चौदा दिवसांत ती पुन्हा दिसेल अशी किमान एक मीटर रुंद करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हा नांगरटीचाच काळ, त्यामुळे हे लक्षात ठेवा. वाट पुसलेली दिसली, तर पलीकडच्या कुंपणातलं फाटक हेरा आणि नकाशावरच्या रेघेप्रमाणे एकामागे एक चाला.

याशिवाय २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधले बरेचसे माळ, पठारं आणि डोंगरमाथे मोकळे झाले आहेत. तिथे वाट सोडूनही फिरता येतं. स्कॉटलंडमध्ये २००३ चा कायदा आणखी उदार आहे. घरांची आवारं, उभी पिकं वगैरे सोडली, तर जबाबदारीने वागून जवळपास कुठूनही जाता येतं. हे हक्क आपसूक मिळालेले नाहीत. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर आणि शेफील्डकडचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या बंद पठारावर मुद्दाम घुसले आणि त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. खाली जी वाट सांगणार आहे, ती त्याच पठाराच्या समोरून जाते.

हक्काबरोबर शिस्तही आली. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंती इथे मैलोन् मैल आहेत. त्यांवर चढू नका, एक दगड सरकला की वरची रांग ढासळते. ओलांडायला लाकडी किंवा दगडी पायऱ्या केलेल्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात.

नकाशा

गूगलवर विसंबू नका, त्याला यातल्या निम्म्या वाटा माहीत नसतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. १:२५,००० प्रमाण, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. स्कॉटलंडच्या नकाशांवर मात्र तशा हक्काच्या वाटा दाखवत नाहीत. तपकिरी रेघा उंचीच्या: जितक्या जवळ जवळ, तितका चढ खडा. शेताची प्रत्येक भिंतसुद्धा दाखवलेली असते, त्यामुळे "दुसरी भिंत ओलांडली की डावीकडे" असं मोजत जाता येतं. कागदी नकाशासोबत मोबाइलवर उतरवायचा कोडही मिळतो. तो घरी, वायफायवर उतरवून घ्या, कारण दरीत रेंज जाते. विकत घ्यायचा नसेल तर सार्वजनिक वाचनालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी नकाशे घरी नेता येतात.

वेळ काढायचा जुना ठोकताळा १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिला: दर पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी येईल त्याच्या दीडपट धरावी. फोटो काढणं आणि फळं तोडणं यातच तासभर जातो.

दिवस आणि गाडी

सप्टेंबरच्या सुरुवातीला मँचेस्टरला सूर्य आठच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाला. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज साधारण चार मिनिटं प्रकाश कमी होतो. महिन्याभरापूर्वी कोणी "सहाला निघालो तरी चालतं" म्हणालं असेल, तर ते आज खरं नाही. परतीची गाडी सूर्यास्ताच्या तासभर आधीची धरा आणि तिच्यानंतरची गाडी कधी आहे तेही पाहून ठेवा.

शनिवार बरा. रविवारी रुळांची कामं निघतात आणि खेड्यातल्या बस तुरळक होतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वय सव्वीसच्या पुढे असलं तरी १६-२५ रेलकार्ड मिळतं, तिकिटात एकतृतीयांश सूट. तीन ते नऊ जण एकत्र निघालात तर बऱ्याच कंपन्यांकडे ग्रुपसेव्हची तेवढीच सूट गर्दीच्या वेळा सोडून मिळते. गणपतीत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणसं जमतातच, विसर्जनानंतरच्या शनिवारसाठी तिथेच विचारा.

अंगावर काय, डब्यात काय

जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठतं. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या: आत घाम सुकेल असा टी-शर्ट, वर फ्लीस, आणि पिशवीत वॉटरप्रूफ. अंदाजात ऊन दाखवलं असलं तरी वॉटरप्रूफ घ्यायचंच. छत्री डोंगरावर निरुपयोगी, पहिल्या झोतातच उलटते. तळाला पकड असलेले बूट चालतील. महागडे घेण्याआधी चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, चक्कर मारा. सुटे मोजे, टॉर्च, शिटी आणि पॉवरबँक विसरू नका.

डब्याला दशम्या किंवा धपाटे उत्तम, थंडही चांगले लागतात. थर्मॉसमध्ये आल्याचा चहा. पठारावर वारं सुटलेलं असताना भिंतीच्या आडोशाला बसून घेतलेल्या त्या चहाची सर कुठल्याच कॅफेला नाही.

पहिली वाट: एडेल ते होप

मँचेस्टर आणि शेफील्डच्या मध्ये रेल्वे होप व्हॅलीतून जाते. मँचेस्टरहून पाऊण-एक तास, शेफील्डहून अर्धा-पाऊण तास, आणि तुम्ही एडेल नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर उतरता. ४३१ किलोमीटर लांबीची पेनाइन वे ही प्रसिद्ध वाट याच गावातून सुरू होते. आज तिच्याकडे पाठ करायची. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ नकाशा उघडा आणि दक्षिणेकडच्या धारेवर होलिन्स क्रॉस शोधा.

होलिन्स क्रॉस ही खिंड आहे, आपल्या भाषेतली अगदी खरी खिंड. दोन दऱ्यांमधल्या लांबलचक धारेचा सगळ्यात खोलगट बिंदू. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली प्रेतं या खिंडीतून पलीकडे कॅसलटनला नेत. गाव ते खिंड हा चढ दमवणारा पण छोटा, शेतांमधून आणि मग उघड्या कुरणातून.

खिंडीत पोहोचलात की उजवीकडे वळा आणि धारेवरून माम टॉरकडे चाला. उंची ५१७ मीटर. वाटेवर दगडी फरशा घातल्या आहेत, कारण वर्षाला हजारो पावलांनी माथ्याची माती वाहून जायला लागली होती. फरशीवरच चाला. वर पोहोचल्यावर आपल्या गडांची सवय असलेला डोळा तटबंदी शोधतो, आणि ती आहेसुद्धा. माम टॉर हा किल्लाच, ब्रॉन्झ युगाच्या शेवटाकडचा. चिरेबंदी भिंत नाही. माथ्याभोवती मातीचा बांध आणि खंदक आहे, गवताने मऊ झालेला. दुपारचं तिरपं ऊन पडलं की त्याची सावली स्पष्ट उठते. सप्टेंबरातच हे नीट दिसतं, जूनच्या डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट वाटतं.

जमलं तर एकदा भल्या सकाळी या. शरदात निरभ्र, निवांत रात्र गेली की गार हवा दरीत साठते आणि धुकं खालीच राहतं. तुम्ही उन्हात उभे आणि पायाखाली पांढरा समुद्र, त्यातून वर आलेली होपच्या सिमेंट कारखान्याची एकुलती एक चिमणी. राजगडाच्या माचीवरून ढग पाहिलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरी व्हिडिओ कॉल लावला होता, आणि आई म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच!"

उतरताना कॅसलटनच्या बाजूने जुन्या रस्त्याने या. माम टॉरचा पूर्वेकडचा अंग सतत घसरत असतो. मजबूत वाळूखडकाखाली शेल नावाचा ठिसूळ खडक आहे, पाणी मुरलं की सगळं सरकतं. म्हणून याला थरथरणारा डोंगर म्हणतात. इथून जाणारा मोठा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करून शेवटी १९७९ मध्ये कायमचा सोडून दिला. आज त्या डांबराचे तुकडे पत्त्यांसारखे तिरके पडले आहेत. एका कडेला वाकून पाहा: डांबराचे थरावर थर दिसतात, प्रत्येक थर म्हणजे एक दुरुस्ती. मधली पांढरी रेघ चालता चालता तुटते आणि हातभर खाली पुन्हा सुरू होते. आमच्या घाटात दरड कोसळली की दोन दिवसांत रस्ता सुरू करायची धडपड असते, इथे माणसांनी डोंगराला वाट मोकळी करून दिली.

पुढे कॅसलटन. तिथल्या पबमध्ये चहा किंवा गरम सूप घ्या. दारू घ्यायलाच हवी असं कोणी म्हणत नाही. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, पैसे बहुधा तिथेच, टेबलापाशी बसून वाट पाहू नका. बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनपासून संध्याकाळपर्यंत बंद असतं, तेव्हा जेवायचं असेल तर वेळ आधी पाहा. बूट चिखलाने भरलेले असतील तर दारात विचारा. कॅसलटनहून सपाट शेतांतल्या वाटेने होप स्टेशन. एकूण साधारण अकरा किलोमीटर, निवांत चालून पाच तास.

हेदर, म्हणजे माळावरची जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं, पाहायचं असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच याच रेल्वेमार्गावर पुढे हॅदरसेजला उतरून स्टॅनेज एजच्या कड्यावर जा. पठारभर जांभळा रंग असतो. त्याच सुमारास आमच्या कासला फुलं असतात, म्हणून मला दर वर्षी तिथे उभं राहिलं की चुटपुट लागते.

झुडपातला मेवा

पिशवीत एक रिकामा प्लास्टिकचा डबा हवाच. ब्लॅकबेरीची जाळी म्हणजे करवंदांची जाळीच समजा: तसेच काटे, तशीच बोटं काळी होणं. घोसाच्या टोकाचं फळ सगळ्यात आधी पिकतं आणि सगळ्यात गोड असतं. नुसतं काळं दिसून उपयोग नाही, बोट लावताच हातात आलं पाहिजे. ओढावं लागलं तर ते आंबट आहे, सोडून द्या. रस्त्याच्या कडेची नकोत, आणि गुडघ्याच्या वरचीच तोडा, खाली कुत्रे फिरतात.

स्वतःच्या खाण्यापुरती रानातली फळं तोडणं ही चोरी नाही, १९६८ च्या कायद्यातच तसं म्हटलं आहे. विकायला मात्र तोडता येत नाहीत. राखीव जागांत वेगळे नियम असू शकतात, तिथली पाटी वाचा.

इथे जुनी समजूत आहे की २९ सप्टेंबरनंतर, म्हणजे मायकलमस या ख्रिस्ती सणानंतर, ब्लॅकबेरी खाऊ नये. स्वर्गातून ढकललेला सैतान याच काट्यांत पडला आणि रागाने फळांवर थुंकला म्हणे. त्या सुमारास ती खरंच पाणचट होतात आणि त्यांवर माश्या बसतात. माझी आजी पहिला पाऊस पडला की करवंदं खाऊ द्यायची नाही, त्याची आठवण होते.

निळसर काळी, धूळ बसल्यासारखी दिसणारी स्लोची फळं एकदा चाखून पाहा. इतकी तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. जंगली गुलाबाची लाल फळं तशीच तोंडात टाकू नका, आतले केस घशाला खाजवतात. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा शाळेतली मुलं ही फळं वेचत आणि त्यांचं सिरप क जीवनसत्त्वासाठी बाळांना दिलं जाई. ऑक्टोबरात झाडाखाली चकचकीत तपकिरी बिया पडलेल्या दिसतील. जाडजूड, विरळ काट्यांच्या कवचातला तो कॉन्कर, विषारी, फक्त खेळायचा. बारीक दाट काटे असलेल्या, साळिंदरासारख्या कवचातलं ते चेस्टनट, भाजून खायचं.

अळंब्यांच्या बाबतीत मी कडक आहे: तोडू नका, खाऊ नका, अॅपने ओळखून तर मुळीच नाही. डेथ कॅप नावाची फिकट, साधी दिसणारी अळंबी याच दिवसांत उगवते आणि तिने जीव जातो.

जनावरं, आवाज, अडचण

गाईंबरोबर वासरं असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. आपल्याला गाय गरीब वाटते, इथल्या माळावर मोकळ्या सोडलेल्या गाईंना तुम्ही अनोळखी असता. बंदुकीचे आवाज आले तर घाबरू नका. ग्राउस पक्ष्यांची शिकार १२ ऑगस्टपासून, फेझंटची १ ऑक्टोबरपासून सुरू होते. पक्षी हाकलायची गॅसची तोफही असते. तुम्ही वाटेवरच राहा.

वाटेत भेटणारा प्रत्येक जण "मॉर्निंग" म्हणेल. शहरात कोणी बोलत नाही, इथे बोलतात. तुम्हीही म्हणा.

पाय मुरगळला, वाट चुकली आणि अंधार झाला, तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला तुमच्या जागेचा आकडा, सांगता आला तर लवकर पोहोचतात. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

घरी आल्यावर

आंघोळीला जाल तेव्हा गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचीड आहे का बघा. नेच्याच्या तांबूस पडलेल्या झाडोऱ्यातून गेला असाल तर नक्कीच बघा. तेल लावू नका, चटका देऊ नका. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. पुढच्या काही आठवड्यांत, कधी तीन महिन्यांपर्यंतही, तिथे पसरत जाणारा गोल लाल चट्टा दिसला तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन करा आणि गोचीड चावल्याचं सांगा. गोचिडीमुळे होणारा लाइम आजार वेळेत कळला तर औषधाने बरा होतो.

ब्लॅकबेरी अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा, आतल्या बारीक अळ्या वर येतात. मग धुऊन, एक ब्रॅमली सफरचंद किसून त्यात घाला, म्हणजे जॅम नीट आळतो. फळांच्या वजनाइतकी साखर, थोडं लिंबू, मंद आच. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवलात आणि वर सुरकुती पडली, की उतरवा. लोणच्याची ती रिकामी बरणी धुऊन, कोरडी करून ठेवली असेल तर तीच घ्या.